खेळाडूच्या अंगचे न दिसणारे गुण

पावसाळा सरून खरिपाची रास घरात आली की प्राथमिक शाळांतून क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतात. प्रथम केंद्राच्या, मग बीटाच्या व त्यानंतर तालुक्याच्या स्पर्धा होतात, आणि त्यांकरिता प्रत्येक शाळेला आपला संघ निवडावा लागतो. ही निवड बहुधा एका दुपारीच उरकली जाते. मैदानावर फक्कीची रेघ आखतात, मुले धावतात, पहिली दोन-तीन मुले बाजूस काढली जातात आणि उरलेली वर्गात परत जातात. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळावयाच्या, त्यातच टपाल, पोषण आहाराचा हिशेब आणि नाना प्रकारची माहितीपत्रके भरावयाची. अशा स्थितीत निवडीला याहून अधिक वेळ कोठून आणावा, हा प्रश्न खरा आहे. तथापि त्या दुपारी जे मूल वर्गात परत जाते, ते पुष्कळदा मैदानापासून कायमचेच परत जाते. शहरातील मुलाला शाळेच्या संघात जागा मिळाली नाही तर त्याच्या वस्तीत एखादे क्रीडामंडळ तरी असते. खेड्यातील मुलाला शाळेचे मैदान हेच पहिले आणि बहुतेक वेळी शेवटचे मैदान असते. म्हणून ही निवड कशाच्या आधारे करावयाची, याचा विचार शिक्षकाने थोडे थांबून केला पाहिजे.

शंभर मीटरच्या एका शर्यतीत मुलाच्या पायांतील त्या दिवसाचा वेग दिसतो. तो पाहण्यात गैर काहीच नाही. परंतु थोर खेळाडूंची चरित्रे नीट तपासली असता असे आढळते की, त्यांच्या यशाचा मोठा वाटा प्रेक्षकांच्या दृष्टीस कधी पडलेलाच नसतो. तो पहाटेच्या मेहनतीत असतो, कंटाळवाण्या सरावात असतो, हार झाल्यानंतरच्या वागणुकीत असतो, वेळेवर घेतलेल्या झोपेत असतो, आणि मोह होत असताना हात आवरून धरण्यात असतो. या गोष्टी घड्याळाने मोजता येत नाहीत. पण वर्षभर मुलांच्या सहवासात राहणाऱ्या शिक्षकाला त्या जितक्या स्पष्ट दिसू शकतात तितक्या स्पर्धेच्या दिवशी येणाऱ्या कोणत्याही पंचाला दिसणार नाहीत.

येथे प्रथम वयासंबंधी काही सांगणे अवश्य आहे. सहावीच्या एकाच वर्गात बसलेल्या दोन मुलांत वयाचे दहा-अकरा महिन्यांचे अंतर असू शकते. शिवाय वय तेच असले तरी एकाची वाढ अकराव्या वर्षी सुरू होते, तर दुसऱ्याची चौदाव्या वर्षी. अशा दोघांना एका रेघेवर उभे केले तर थोराड मूल पुढे जाणार हे ठरलेलेच. कॅनडा देशात रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासून १९८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या खेळात वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असे. वरच्या संघांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा मोठा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेले मात्र थोडे, असे त्यांना दिसून आले. वर्षाअखेरीस जन्मलेली मुले निसर्गतः कमी गुणी असतात असे कोणीच म्हणणार नाही. लहानपणी काही महिन्यांनी मोठी असलेली मुले निवडली गेली, त्यांना चांगले मार्गदर्शक व अधिक सामने मिळाले, आणि पुढे तीच खरोखर सरस ठरली. मागे राहिलेल्यांनी खेळ सोडला. जी गोष्ट कॅनडात संघ निवडणाऱ्यांच्या हातून नकळत घडली, ती आपल्या केंद्रातही नकळत घडू शकते. आज मागे पडणारे, पण रोज न चुकता मैदानावर येणारे मूल शिक्षकाने नजरेआड होऊ देऊ नये, यामागील कारण हे आहे.

आपल्याच मातीतील उदाहरण घ्यावयाचे तर ते खाशाबा जाधवांचे घ्यावे लागेल. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्यावर भाषणे होतात. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली त्यांचा जन्म झाला, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय, आणि त्यानंतर असे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. एवढे मुले पाठ करून सांगतात. हे सर्व खरे आहे. परंतु या भाषणांत १९४८ ते १९५२ ही चार वर्षे बहुधा गळतात, आणि मुलांना सांगण्यासारखे जे आहे ते नेमके त्या चार वर्षांत आहे.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला होता. खाशाबा तांबड्या मातीत वाढलेले मल्ल. मातीच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल झाला. लंडनला मात्र कुस्ती गादीवर होती, वेळेची मर्यादा होती, गुणांचा हिशेब होता. मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. मातीत दमाने झुंज लांबविता येते, गादीवर घड्याळ थांबत नाही. या अपरिचित रीतीने लढून ते सर्वांत हलक्या वजनाच्या गटात सहावे आले. त्या काळी जगात सहावा क्रमांक म्हणजे लहान गोष्ट नव्हे, आणि तेवढ्यावर समाधान मानून एखादा मल्ल आयुष्यभर मान घेत राहिला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. खाशाबांनी त्या सहाव्या क्रमांकाकडे आपणास काय येत नाही हे दाखविणारे प्रगतिपत्रक म्हणून पाहिले. गादीवरच्या कुस्तीची रीत त्यांनी आत्मसात केली, वजन वाढवून ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या, गटात उतरले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला तिसरे आले. त्या गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना आणि रौप्यपदक सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयॉव्ह यांना मिळाले.

तालमीची रीत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या चार वर्षांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तालमीत नवा आलेला पोर पहिल्या दिवशी डाव शिकत नाही. त्याच्या हाती खोरे येते. हौद्यातली माती उकरावयाची, ढेकळे फोडावयाची, खडा निवडून टाकावयाचा, मातीत ताक, तेल, हळद मिसळली की ती खालीवर करावयाची. त्यानंतर जोर, त्यानंतर बैठका. पहाटे उठून हे सर्व करताना पाहावयास कोणी येत नाही. वस्ताद मात्र कोपऱ्यात उभे राहून पाहत असतात. कोणता पोर खडा निवडतो आणि कोणता तो पायाने मातीत दडपतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पुढे डाव कोणाला आधी शिकवावयाचा, हे ते पुष्कळदा त्यावरूनच ठरवितात. आपल्या जुन्या तालमींनी निवडीची ही पद्धत कोणत्याही पुस्तकावाचून सिद्ध केली होती, आणि शाळेच्या मैदानालाही ती लागू पडण्यास कसलीच अडचण नाही. खो-खोचे खांब रोवताना, मैदानावरचे काटे-कुसळे वेचताना, सामने संपल्यावर दोऱ्या गुंडाळताना कोण मागे राहतो आणि कोण आपणहून पुढे येतो, ते पाहावे.

खाशाबांच्या चरित्रातील आणखी एक भाग मुलांपर्यंत क्वचितच पोहोचतो. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले होते तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन परत आल्यावर कराडला त्यांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीची ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याचे देणे प्रथम फेडावयाचे, ही वृत्ती त्या मल्लाच्या ठिकाणी होती. हेलसिंकीच्या गादीवर तिचा एकही गुण मिळाला नसेल. पण जो मनुष्य दुसऱ्याच्या घराचे कागद डोळ्यांपुढे ठेवून मेहनत करतो, त्याची मेहनत निराळी असते.

त्याचबरोबर ही हकिकत दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. ते घर गहाण पडले नसते तर खाशाबांची चिकाटी, त्यांची मेहनत व त्यांचे डाव गोळेश्वरातच राहिले असते. अंगच्या गुणांनी सर्व काही साधते, असे मुलांना सांगणे सोपे आहे. मात्र ते पुरते खरे नाही. गुणांना संधीची जोड लागते, आणि लहान वयात ती संधी मुलाच्या हातात नसून वडीलधाऱ्यांच्या हातात असते. जे मूल घरी दूध पाहत नाही, त्याच्या दमाला चिकाटीचा अभाव म्हणणे अन्याय होईल. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवावे. पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून जी मुलगी शाळेत येते ती मैदानावर उशिरा पोहोचली तर तिला आळशी ठरविण्यापूर्वी तिच्या घरी एकदा जाऊन यावे. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा अवर्षणाचा प्रदेश. तेथील मोही गावची ललिता बाबर ही शेतकऱ्याची मुलगी २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीला पोहोचली व दहावी आली. धावपट्टीवरील शर्यतीत एखादी भारतीय स्त्री अंतिम फेरीत गेल्याचा प्रसंग १९८४ नंतर, म्हणजे पी. टी. उषा यांच्यानंतर, तोच पहिला. अशा मुलीला घरून मैदानावर येऊ देण्यात आले, ही गोष्टही त्या यशाच्या हिशेबात धरली पाहिजे.

आता सरावाविषयी. मुलांना सामना आवडतो. सराव, त्यातही एकाच कृतीची पुनरावृत्ती, आवडत नाही. हे स्वाभाविक आहे. परंतु उत्तम खेळाडू आणि बरा खेळाडू यांतील अंतर येथेच पडू लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्नील कुसाळे, २००९ साली राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला व पुढे नेमबाजीकडे वळला. नेमबाजाचा पुष्कळसा सराव पाहणाऱ्यास अत्यंत रूक्ष वाटेल असा असतो. काडतूस न घालता बंदूक खांद्याला लावावयाची, श्वास आवरावयाचा, नेम धरावयाचा, चाप ओढावयाचा, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आवाज नाही, निशाणाला भोक नाही, कोणी वाहवा म्हणणारे नाही. पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत असतानाही हा सराव चालूच राहिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकाराची अंतिम फेरी झाली. या प्रकारात प्रथम गुडघ्यावर बसून, नंतर पालथे पडून आणि शेवटी उभे राहून नेम धरावा लागतो. पहिला भाग संपला तेव्हा स्वप्नील सहावा होता, दुसरा संपला तेव्हा पाचवा, आणि शेवटी ४५१.४ गुणांनी तो तिसरा आला. छाती जोराने धडधडत होती, पण श्वासावर ताबा ठेवला आणि नेहमीपेक्षा वेगळे काही करावयाचे नाही असे ठरविले, अशा आशयाचे त्याने नंतर सांगितले. वेगळे काही न करता येण्यासाठी नेहमीचे जे काही आहे ते हजारो वेळा केलेले असावे लागते. शाळेच्या पातळीवर याचा अर्थ असा की, खो-खोच्या संघाला रोज पूर्ण सामना खेळू देण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते बसल्या जागेवरून उठून पहिले पाऊल योग्य दिशेला टाकण्यास, आणि दहा मिनिटे खांबाजवळचे वळण घेण्यास द्यावीत. मुले कुरकुर करतील. जे मूल विसाव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच लक्षपूर्वक वळते त्याच्याकडे पाहावे, मग ते कितव्या क्रमांकाने धावते ते तूर्त बाजूस राहू द्यावे.

संयम हाही असाच न दिसणारा गुण. केलेली गोष्ट सर्वांना दिसते, न केलेली कोणालाच दिसत नाही. जानेवारी २००४ मध्ये सिडनी येथे सचिन तेंडुलकर यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २४१ धावा केल्या. त्या दौऱ्यात त्यापूर्वी ते उजव्या यष्टीबाहेरचे चेंडू टोलविण्याच्या नादात बाद होत होते. म्हणून त्यांनी आपला अत्यंत आवडता कव्हर ड्राइव्हचा फटका त्या डावापुरता बासनात बांधून ठेवला, आणि दहा तासांहून अधिक वेळ, ४३६ चेंडू खेळत असता तो निश्चय टिकविला. गोलंदाज मुद्दाम तसेच चेंडू टाकून मोह घालीत होते. ज्या फटक्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवाव्यात तोच न मारण्याचे सामर्थ्य प्राथमिक शाळेतील मुलाच्या ठायी असेल अशी अपेक्षा कोणी करणार नाही, पण त्याचा अंकुर दिसतो. कबड्डीत दम संपत आला असता एका गड्याच्या लोभाने पुढे न जाता मधल्या रेषेवर परतणारा मुलगा प्रेक्षकांना भित्रा वाटतो. शिक्षकाला तो तसा वाटू नये.

हार झाल्यानंतर, अथवा खेळता खेळता मध्येच पडल्यानंतर मूल काय करते, ही सर्वांत मोठी कसोटी होय. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी वाहनाची सोय नसल्याने सुमारे सहा किलोमीटर पायी शाळेत जात असे. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि धावपटू म्हणून त्याची खरी तयारी २०१५ च्या सुमारास, म्हणजे विशीत, सुरू झाली. सहावी-सातवीत मुलाची गुणवत्ता कायमची कळून येते असे ज्यांना वाटते त्यांनी याकडे विशेष पाहावे. ३,००० मीटर अडथळ्यांची शर्यत हा त्याचा प्रकार. त्यात २८ अडथळे व ७ वेळा पाण्यावरील उडी असते. पुढचा धावपटू पडला तर मागच्याची वाट अडते. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नेमके हेच घडले, आणि तेही दोनदा. तो थांबला, सावरला, पुन्हा धावू लागला, आणि इतके होऊनही ८ मिनिटे २५.२३ सेकंद असा भारताचा नवा उच्चांक त्याने नोंदविला. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले, आणि तेथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद अशी वेळ देऊन तोही उच्चांक मागे टाकला. अडखळल्यावर त्याने शर्यत सोडून दिली असती तर दाद मागण्याला काही अर्थच उरला नसता. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या अवघ्या विसाव्या हिश्श्याने हुकले, आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत त्याने या प्रकाराचे सुवर्णपदक मिळविले.

शाळेच्या मैदानावर शर्यत सुटते, मागे पडलेले मूल अर्ध्यावरच थांबते, आणि हसत हसत बाजूला येऊन उभे राहते. त्या हसण्यामागे लाज असते. ते हसणे शिक्षकाने हसण्यावारी नेऊ नये, आणि रागावूही नये. शेवटच्या मुलाने रेघ ओलांडेपर्यंत शिक्षकाने रेघेवरून हलावयाचे नाही, त्याच्या नावापुढेही वेळ लिहावयाची, एवढा नियम पाळला तरी अर्ध्यावर थांबणाऱ्या मुलांची संख्या कमी होऊ लागेल.

झोप, नखे, पाणी इत्यादी गोष्टी सर्वांना ठाऊक असल्याने त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. झोपेपुरते मात्र सांगितले पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणावर घालविण्यास सांगण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचा धावण्याचा वेग वाढला व चेंडू जाळीत टाकण्याची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी सुधारली. एवढ्या थोड्या खेळाडूंवरून सिद्धांत मांडू नये हे खरे, परंतु आपल्याकडील रिवाज पाहता त्यापासून बोध घेण्यास हरकत नाही. रात्री उशिरापर्यंत लेझीमची तालीम, पहाटे चार वाजता टेंपोत कोंबून तालुक्याला प्रयाण, आणि तेथे उपाशीपोटी अकरापर्यंत पाहुण्यांची वाट पाहत उन्हात संचलन, अशा रीतीने नेलेल्या मुलांकडून वेगाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

शिस्त हा शब्द आपण फार वापरतो. रांगेत न हलता उभे राहणे, शिट्टी वाजताच गप्प होणे, यास आपण शिस्त म्हणतो. त्याचीही गरज आहे. परंतु ती शिक्षकाच्या उपस्थितीची शिस्त झाली. खेळाडूला उपयोगी पडते ती शिक्षकाच्या अनुपस्थितीत टिकणारी शिस्त. ती धाकाने येत नाही. शिक्षक बैठकीस गेले असता मुलांनी ठरलेला सराव स्वतः होऊन केला की नाही, एवढ्यावरून तिची परीक्षा होते.

तीच गोष्ट शाबासकीची. अमेरिकेतील म्युलर व ड्वेक या दोन अभ्यासकांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. मुलांनी कोडी सोडविल्यावर काहींना तुम्ही हुशार आहात असे म्हटले, काहींना तुम्ही मेहनत केलीत असे म्हटले. पुढे अवघड कोडी देऊन मुद्दाम अपयश आणले असता पहिल्या गटातील मुले लवकर खचली, आणि आपले गुण सांगताना त्यांच्यापैकी अधिक मुले खोटे बोलली. हा प्रयोग कोड्यांचा आहे, कबड्डीचा नव्हे. त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तथापि “तू तर आमचा हरिण आहेस” या शब्दांपेक्षा “आज तू वळणावर पाय नीट टाकलास” हे शब्द मुलाला उद्या काय करावयाचे ते सांगतात, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला पटेल.

खोटेपणाचा विषय निघाला आहे म्हणून एक अप्रिय गोष्ट लिहावी लागते. चषक शाळेत यावा या इच्छेपोटी, वयोगटात न बसणारे मूल दुसऱ्याच्या नावाने उतरविण्याचे प्रकार स्पर्धांतून कधी कधी घडतात. त्यात जिंकलेला चषक कपाटात राहतो. परंतु त्या दिवशी मैदानावर असलेल्या प्रत्येक मुलाला, आपल्या गुरुजींनी काय केले हे ठाऊक असते. ज्याचे नाव वापरले गेले ते मूल त्या दिवशी घरी बसलेले असते. वर्षभर चिकाटी, मेहनत व प्रामाणिकपणा यांविषयी सांगितलेले सर्व एका नावनोंदणीच्या कागदाने पुसून जाते, आणि ते पुन्हा लिहिण्यास पुढे कोणतेही भाषण पुरत नाही. याहून हरलेला संघ घेऊन परतणे शाळेच्या दृष्टीने शतपट चांगले.

निवड एका दुपारऐवजी तीन आठवडे चालू ठेवण्यास जादा तास लागत नाहीत, एक साधी वही लागते. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहाव्यात. मैदान तयार करण्यास आला काय, ठरलेला सराव एकट्याने केला काय, चूक दाखविल्यावर तीच चूक किती दिवसांनी गेली, पंचाचा निकाल विरुद्ध गेला तेव्हा कसा वागला, पडल्यावर उठला काय, अशा प्रकारच्या नोंदी असाव्यात. सर्वांच्या नोंदी सारख्या लांबीच्या होण्याची गरज नाही, आणि त्यांना गुणही देऊ नयेत. गुण दिले की मुले गुणांसाठी वागू लागतात. वेळेचा व अंतराचा आकडा शेजारी लिहावाच. अखेर संघ निवडताना दोन्ही एकत्र वाचावेत. एखादे वेळी सर्वांत वेगवान मूलच सर्व दृष्टींनी योग्य ठरेल, मग त्याला नाकारण्याचे कारण नाही. पण सात-आठ जागांपैकी एखादी तरी जागा अशी निघते की जेथे वेगात थोडे मागे असलेले, परंतु तीन आठवडे रोज आलेले मूल घेता येते.

ज्यांना या वर्षी जागा मिळाली नाही त्यांची नावे, जन्मतारीख व उंचीसह, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत. मुलाची शाळा बदलली तर ती नोंद दाखल्याबरोबर नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पाठवावी. शिक्षकाचीच बदली झाली तर वही शाळेतच ठेवून जावे. आणि जूनमध्ये शाळा उघडून पहिल्या सरीनंतर मैदान सुकले की, पहिली हाक त्या पानावरील मुलांना द्यावी.